तुलनेचे माप आणि विभागाची घडण : साहित्यविभागातील समता व विविधतेविषयी एक टिपण

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवरील भ्रूणहत्येच्या खटल्यानंतर समस्त स्त्रीजातीवर जी टीका वृत्तपत्रांतून झाली, तिला दिलेले हे उत्तर होते. तौलनिक साहित्याभ्यासाचा इतिहास लिहिताना या निबंधाचा उल्लेख सहसा होत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. दोन साहित्यकृतींची वा दोन भाषांची तुलना करणे हा ताराबाईंचा हेतू नव्हता. तथापि शीर्षकातील ‘तुलना’ या शब्दाला त्यांनी जो अर्थ दिला, तो आपल्या विद्याशाखेने गांभीर्याने घ्यावा असा आहे. जे दोष स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषाच्या ठायी आहेत की नाहीत, हे एकाच मापाने मोजून पाहा, ही त्यांची मागणी आहे. दोन गोष्टी शेजारी ठेवल्याने तुलना सिद्ध होत नाही. दोहोंना एकच माप लावावे लागते आणि ते माप कोणाच्या हातात आहे हेही विचारावे लागते. तुलना हा ताराबाईंच्या दृष्टीने समतेचा व्यवहार आहे.

साहित्यविभागातील समता व विविधता यांचा विचार या बिंदूपासून करावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. विद्यापीठीय दस्तऐवजांत हे दोन शब्द नेहमी जोडीने येतात, आणि जोडीने येत असल्यामुळेच ते समानार्थी असल्याचा समज रूढ झाला आहे. तौलनिक साहित्याच्या विभागात तर हा समज अधिकच बळावतो, कारण विविधता ही आपल्याकडे जन्मतःच आलेली आहे. १९५६ साली बुद्धदेव बसू यांनी जादवपूर विद्यापीठात भारतातील पहिला तौलनिक साहित्य विभाग उभारला, तेव्हापासून अनेक भाषा, अनेक परंपरा हे या शाखेचे ब्रीद राहिले आहे. जिथे तमिळ, बंगाली, मराठी, संस्कृत, फारसी एका छताखाली नांदतात तिथे विषमतेचा प्रश्न कसा उद्भवेल, असा एक अव्यक्त आत्मविश्वास आपल्या परिसंवादांतून जाणवत असतो. परंतु भाषा अनेक असून बोलणारे एकाच सामाजिक थरातले असू शकतात. दहा भाषांतील दहा संहिता वाचणाऱ्या विभागात त्या दहाही संहितांविषयीचा अंतिम शब्द एकाच प्रकारच्या अभिरुचीचा असू शकतो. भाषिक विविधतेची मोजदाद करताना ही शक्यता नजरेआड होते.

विविधता आणि समता यांच्यातील हे अंतर स्पष्ट करणारे एक उदाहरण २०२१ साली दिल्ली विद्यापीठात घडले. ऑगस्ट महिन्यात तेथील विद्वत परिषदेने इंग्रजी (ऑनर्स) पदवीच्या पाचव्या सत्राच्या अभ्यासक्रमातील बदलांना मंजुरी दिली. देखरेख समितीच्या सूचनेवरून महाश्वेता देवी यांची ‘द्रौपदी’ ही कथा वगळण्यात आली, तसेच बामा आणि सुकीर्तराणी या दोन तमिळ दलित लेखिकांचे लेखनही वगळण्यात आले. परिषदेच्या पंधरा सदस्यांनी लेखी विरोध नोंदवला. या प्रसंगाची चर्चा बहुधा राजकीय हस्तक्षेप आणि विद्यापीठीय स्वायत्तता या अंगांनी झाली, आणि ती तशी होणे आवश्यकच होते. विषयतज्ज्ञ नसलेल्यांनी साहित्याच्या अध्यापकांचा निर्णय फिरवावा, हा प्रश्न लहान नाही. आपल्या दृष्टीने मात्र त्या विरोधपत्रातील दुसरा एक तपशील अधिक बोलका आहे. दोन दलित लेखिकांच्या जागी उच्चवर्णीय लेखिका म्हणून ‘रमाबाई’ आणल्या गेल्याची तक्रार तेथे होती.

केवळ गणिती दृष्टीने पाहिले तर ही अदलाबदल फारशी आक्षेपार्ह दिसत नाही. लेखिकेच्या जागी लेखिका आली. तमिळच्या जागी मराठी मुळे असलेली विदुषी आली. पंडिता रमाबाई या काही प्रस्थापितांच्या प्रतिनिधी नव्हेत. त्यांच्या हयातीत महाराष्ट्राने त्यांना जे दिले ते बहुतांशी उपेक्षा आणि निंदा या स्वरूपाचे होते. मराठी अध्यासनात काम करणाऱ्या माझ्यासारख्याने तर या समावेशाचे स्वागतच करायला हवे. अडचण रमाबाईंची नाही, बदलीची आहे. एक लेखिका काढून दुसरी ठेवता येते असे ज्या क्षणी आपण मानतो, त्या क्षणी दोघीही एका रकान्यातील नोंदी होतात. ‘स्त्री-लेखन’ या शीर्षकाखाली अमुक संख्या भरली की विविधतेची अट पूर्ण झाली, हा विचार देखरेख समितीचा होता असे म्हणून भागणार नाही. कित्येक विभागांच्या अभ्यासमंडळांतही अभ्यासक्रम याच पद्धतीने आखले जातात: एक दलित, एक आदिवासी, एक स्त्री, ईशान्येकडील एखादा कवी. रकाने भरले की सभा संपते. समितीने त्याच पद्धतीचा वापर उलट दिशेने केला, एवढेच.

वास्तविक रमाबाई आणि बामा यांना बदली म्हणून न पाहता शेजार म्हणून पाहिले असते, तर तौलनिक अभ्यासाला याहून सुपीक विषय क्वचितच सापडला असता. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, बामांचा १९५८ चा. बरोबर शंभर वर्षांचे अंतर. दोघींच्याही आयुष्यात ख्रिस्ती धर्मसंस्था मध्यवर्ती आहे आणि दोघींचेही त्या संस्थेशी नाते संघर्षाचे आहे. चित्पावन कुटुंबात जन्मलेल्या रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर लगेच त्यांचा व अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांचा वाद सुरू झाला. सिस्टर जेराल्डीन आदींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केला असून तो १९७७ साली प्रसिद्ध झाला आहे. धर्म स्वीकारला म्हणून सदसद्विवेक गहाण टाकणार नाही, ही त्यातील भूमिका सर्वपरिचित आहे. तितकासा परिचित नसलेला भाग असा, की चेल्टनहॅम येथे असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याविषयीही बिशपांनी आक्षेप घेतला होता. म्हणजे जिला दिल्लीत दुसऱ्यांच्या जागी बसवले गेले, तिच्या अध्यापनाच्या अधिकारावरच एकेकाळी प्रश्नचिन्ह उमटले होते.

बामांची वाट उलट दिशेने जाते. त्या जन्माने रोमन कॅथॉलिक दलित. शिक्षिकेची नोकरी सोडून, गरीब दलित मुलांसाठी काही करता येईल या आशेने त्या मठात गेल्या; तेथील शाळा सुस्थितीतल्यांच्या सेवेत आहेत आणि जात मठाच्या भिंतींच्या आतही आहे, हे अनुभवून बाहेर पडल्या. ‘करुक्कु’ (१९९२) हे आत्मकथन या बाहेर पडण्यातून आले. त्यामागोमाग ‘संगति’ (१९९४) आले, ज्यात एका ‘मी’ची कहाणी मागे सरून वस्तीतल्या अनेक स्त्रियांचे बोलणे पुढे येते. रमाबाईंसाठी धर्मांतर हा जातिव्यवस्थेतून बाहेर पडण्याचा दरवाजा होता. बामांच्या पूर्वजांनी तोच दरवाजा कधीकाळी ओलांडला होता, आणि आत गेल्यावर घर तेच निघाले. रमाबाईंच्या १८८७ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच, तो ‘उच्च जातीच्या हिंदू स्त्री’विषयी आहे, असे स्पष्ट म्हटलेले आहे. ही मर्यादा त्यांनी लपवली नाही, उलट मुखपृष्ठावर छापली. समस्त भारतीय स्त्रीच्या वतीने आपण बोलत आहोत असा दावा जी लेखिका स्वतः करत नाही, तिला तसा दावा करायला लावून दुसऱ्या दोघींच्या जागी उभे करणे हा रमाबाईंवरही अन्याय आहे. दोघी एकत्र वाचल्या तरच प्रत्येकीचे वेगळेपण उमगते. एकीने दुसरीची जागा घेतली की दोघीही अर्ध्या होतात.

परंतु वगळण्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे, कारण तो दिसतो. समावेश कसा होतो हा अधिक अवघड प्रश्न आहे, आणि त्याला मराठीचा अनुभव विशेष उपयोगी पडतो. भारतातील इंग्रजी व तौलनिक साहित्याच्या विभागांत मराठी दलित साहित्याचा प्रवेश मुख्यतः इंग्रजी अनुवादांतून झाला. १९९२ साली अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेला ‘पॉयझन्ड ब्रेड’ हा संग्रह आला, आणि त्यानंतर स्वतंत्र ग्रंथांचे अनुवाद येत राहिले. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’चा आणि ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’चा, असे माया पंडित यांनी केलेले दोन्ही अनुवाद २००८ चे आहेत. दया पवारांच्या ‘बलुतं’ला (१९७८) मात्र जेरी पिंटो यांचा अनुवाद मिळायला २०१५ उजाडले. हे अनुवाद नसते तर बनारस वा हैदराबाद येथील तमिळ, बंगाली, मल्याळी विद्यार्थ्यांपर्यंत हे साहित्य पोहोचलेच नसते. म्हणून पुढे जे म्हणायचे आहे ते अनुवादकांना दोष देण्यासाठी नाही.

या अनुवादांची शीर्षके पाहावीत. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) इंग्रजीत ‘द आऊटकास्ट’ होते. बारा माशांचा एक तोळा. बारामाशी ते पूर्ण वजनाचे, अकरा माशांचे ते खोटे, उणे. अनौरस संततीसाठी वापरला जाणारा हा शब्द सोनाराच्या तराजूतून आला आहे. लिंबाळे यांचा नायक जातीच्या बाहेर फेकलेला नाही. तो पाटलाचा रक्ताने आहे आणि महाराचा घराने आहे, आणि दोन्हीकडच्या मापांत तो एक मासा कमी भरतो. ‘आऊटकास्ट’ या शब्दात ही तोलण्याची कृती नाहीशी होते. माणसाला कोण तोलतो हा ‘अक्करमाशी’तील प्रश्न आहे. बेबी कांबळे यांचे शीर्षक साधे विधान करते: हे आमचे जगणे. इंग्रजीत त्या जगण्याची मोडलेल्या तुरुंगांची गाथा होते, म्हणजे शीर्षकातच मुक्तीचा आलेख आधी आखला जातो. ‘आयदान’मधील बांबूच्या टोपल्या-सुपांचे विणकाम मागे पडून ‘माझ्या जीवनाचे विणकाम’ असे रूपक पुढे येते. जी वस्तू बाजारात विकून आईने मुलांना वाढवले ती वस्तू शीर्षकातून निघून जाते. याउलट ‘करुक्कु’चे शीर्षक लक्ष्मी होल्मस्ट्रॉम यांनी तसेच ठेवले, आणि ताडाच्या पात्याच्या करवती कडांचा तो शब्द आज तमिळ न जाणणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे. शब्द तसाच ठेवता येतो, एवढे तरी यावरून दिसते.

शीर्षकांचे हे भाग्य वर्गातही चालू राहते. आपल्या प्रश्नपत्रिका काढून पाहाव्यात. ‘बलुतं’विषयी विचारलेल्या प्रश्नात ‘सामाजिक वास्तव’, ‘दाहक अनुभव’, ‘दस्तऐवज’ ही पदे येतात. त्याच प्रश्नपत्रिकेत एखाद्या युरोपीय कादंबरीविषयी निवेदनतंत्र, काळाची हाताळणी, दृष्टिकोन विचारले जातात. वास्तविक ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आणि दया पवार असे एकाच माणसाचे दोन भाग करून एकाने दुसऱ्याला आपली कहाणी सांगावी, ही रचना निवेदनशास्त्राच्या कोणत्याही वर्गात चर्चेला घ्यावी अशी आहे. ती घेतली जात नाही, कारण त्या पुस्तकाला आपण पुरावा म्हणून आत घेतले आहे. सिद्धांताचेही तसेच. लिंबाळे यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २००४ साली झाला, तो आलोक मुखर्जी यांनी केला. परंतु तो ‘दलित साहित्य’ या घटकाखाली नेमला जातो, ‘साहित्यसिद्धांत’ या घटकाखाली नाही. अॅरिस्टॉटल ग्रीक शोकांतिकेविषयी लिहितो तेव्हा तो साहित्यमात्राविषयी बोलतो असे आपण मानतो. लिंबाळे आनंद या निकषाला आव्हान देतात तेव्हा ते फक्त दलित साहित्याविषयी बोलतात, असे धरून चालतो. ताराबाईंची ‘एकच माप’ ही मागणी येथे अद्याप मान्य झालेली नाही.

याचा भार शेवटी माणसांवर पडतो. एका परिसंवादात ‘अक्करमाशी’वर चर्चा चालू असताना, त्याच समाजातून आलेल्या एका विद्यार्थ्याकडे वळून, तुमच्याकडे अजूनही असेच असते का, असे विचारले गेलेले मी पाहिले आहे. विचारणाऱ्याचा हेतू चांगला होता. त्या विद्यार्थ्याचा प्रबंधविषय अठराव्या शतकातील बखरींची गद्यशैली हा होता, आणि त्याविषयी त्या दिवशी त्याला कोणीही काही विचारले नाही. मीही विचारले नाही, हे येथे नोंदवणे प्राप्त आहे.

विभागात कोण बसते यावर समीक्षेची भाषा किती अवलंबून असते, याचा मराठीतील सर्वांत ठोस दाखला औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचा आहे. (शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर.) डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९५० साली ते स्थापन केले, आणि नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे नाव त्याला दिले. तेथे मराठवाड्याच्या खेड्यांतून दलित विद्यार्थी आले, प्राचार्य म्हणून म. ना. वानखेडे आले, मराठीचे अध्यापक म्हणून गंगाधर पानतावणे आले. आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथूनच ‘अस्मितादर्श’चा उगम झाला. अमेरिकेतून परतलेल्या वानखेडे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी मराठी दलित लेखनाची जी सांगड घातली, ती तौलनिक साहित्याचे नाव न घेता केलेली तुलनाच होती. त्या काळी मुंबई-पुण्याच्या विभागांत विदेशी वाङ्मयाचे ज्ञान कमी नव्हते. तरीही ही तुलना तेथे सुचली नाही. ती करण्याची निकड ज्यांना होती ते तेथे बसत नव्हते.

म्हणूनच अध्यापकपदांच्या आरक्षणाचा प्रश्न हा प्रशासनाचा, आपला नव्हे, असे म्हणण्याची जी रीत साहित्याच्या अभ्यासकांत आहे, ती मला टिकणारी वाटत नाही. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणाची गणना करताना संपूर्ण विद्यापीठ नव्हे तर विभाग हे एकक मानावे असा निर्णय दिला; मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तशा सूचना काढल्या; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धचे अपील फेटाळले. देशभर आंदोलने झाली, मार्चमध्ये अध्यादेश निघाला आणि जुलै २०१९ मध्ये संसदेने कायदा करून पुन्हा विद्यापीठ हे एकक ठरवले. मधल्या काळातील बिंदुनामावलीनुसार चौथे पद इतर मागासवर्गीयांसाठी, सातवे अनुसूचित जातींसाठी आणि चौदावे अनुसूचित जमातींसाठी येत असे, आणि गणना प्रत्येक श्रेणीची वेगळी. केंद्रीय विद्यापीठातील एखाद्या भाषाविभागात एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि चार सहायक प्राध्यापक असे सात जण धरले, तर पहिल्या भरतीत आरक्षित होणारे पद एकच: चौथ्या सहायक प्राध्यापकाचे. अनुसूचित जातींसाठी शून्य, जमातींसाठी शून्य. महाराष्ट्राबाहेरील मराठी विभाग तर बहुधा याहूनही लहान असतात. जो विभाग लहान, त्याच्यापुरते आरक्षण जवळजवळ संपणार होते. आणि विद्यापीठांतील सर्वांत लहान विभाग बहुधा भाषांचेच असतात.

या निर्णयामागील युक्तिवाद तौलनिकांनी लक्षात ठेवावा असा आहे. भिन्न विषयांच्या अध्यापकांची आपसात स्पर्धा नसते, एका विषयाचा अध्यापक दुसऱ्याच्या जागी जाऊ शकत नाही, म्हणून त्यांची एकत्र गणना करू नये, असा त्याचा आशय होता. अध्यापक परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत हे तत्त्व माणसांना वाटा नाकारताना पुढे आले. लेखिका परस्परांची जागा घेऊ शकतात हे तत्त्व संहिता वगळताना पुढे आले. दोन्ही वेळा दरवाजा त्याच समाजांसाठी अरुंद झाला.

कायद्याने एकक बदलले तरी शेवटचा निर्णय निवड समितीच्या दालनात होतो, आणि तेथे आपलीच, म्हणजे साहित्यसमीक्षेची भाषा बोलली जाते. आरक्षित पदांच्या निकालांसमोर ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा अनेकदा दिसतो. समीक्षकाने हे वाक्य एकदा संहिता म्हणून वाचून पाहावे. त्यात कर्ता नाही. कोणाला आढळला नाही हे सांगितलेले नाही. ‘योग्य’ला परिमाण नाही. सत्तरच्या दशकात दलित कवितेविषयी जे म्हटले गेले, की आशय तीव्र आहे परंतु कलात्मक संस्कार कमी आहे, त्याच वाक्याचे हे प्रशासकीय रूप आहे. संशोधनाच्या प्रवेशालाही हे लागू पडते. आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीने लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती ठेवून निवड मुलाखतीवर सोपवली होती. न्यायालयीन आव्हानानंतर लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के असे प्रमाण आले. गणिताच्या मुलाखतीत उच्चार बाजूला ठेवता येत असेल. साहित्याच्या मुलाखतीत उच्चार, शब्दांची निवड, ग्रंथांची नावे सहज घेण्याची सवय यांनाच ज्ञान समजण्याचा मोह फार मोठा असतो, कारण आपण सगळे त्याच मार्गाने आत आलो आहोत.

अभ्यासक्रमापुरते बोलायचे तर एक गोष्ट लगेच करता येण्याजोगी आहे, आणि तिची अडचणही तितकीच लगेच दिसते. दिल्ली विद्यापीठात २०२१ साली ज्यांची अदलाबदल झाली त्या लेखिका इंग्रजी विभागाच्या अभ्यासक्रमात होत्या, म्हणजे बामा तेथे इंग्रजीतून वाचल्या जात होत्या. तमिळ आणि मराठी या दोन्ही भाषा त्याच विद्यापीठाच्या आधुनिक भारतीय भाषा विभागात शिकवल्या जातात. रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ मराठीतून आणि ‘करुक्कु’ तमिळमधून, एकाच सत्रात, दोन अध्यापकांनी एकाच वर्गात शिकवायचे, तर त्याला नव्या इमारतीची गरज नाही. दोन विभागांची संमती, वेळापत्रकात एक सामाईक तास, आणि तमिळचे व मराठीचे प्रत्येकी एक भरलेले पद लागेल.